कोठीतलं पानदान

मोरबी, ५ ऑक्टोबर २०२५

प्रेरणा,

वर आशीर्वाद-बिशीर्वाद काही लिहीत नाही. भावाले चोर म्हणणाऱ्या बहिणीले पत्रात काय मायना लिहायचा, हे मले सातवीपर्यंत कोणी शिकवलं नाही. आठवीत मी गेलोच नाही.

गोकुळ इथं माह्या शेजारच्या खाटेवर झोपते. काल त्याच्या मायचा गावाहून फोन आला. फोन ठेवून तो माह्याकडे पाहून हसला आन् म्हणे, "काय बे गोंद्या, चांदी कुठं विकली?" मले वाटलं मस्करी करते. मंग त्यानं सगळं सांगितलं. दसऱ्याच्या सकाळी भगवंतराव मालकानं दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडलं त त्याच्या पणज्याचं चांदीचं पानदान गायब. मी सोमवारी पहाटे कोणाले न सांगता निघालो होतो, म्हणून चोर मीच. बाबानं पारावर उभं राहून सांगितलं म्हणे, "तो माह्या पोटचा नाही. सापडला त त्याले बांधून ठेवा." आन् तू मालकाच्या बाईसाहेबांच्या तोंडावर म्हणली, "दादानंच नेलं."

फोन लावला त बाबानं कापला. गोकुळच्या नंबरावरून लावला त आवाज ओळखून कापला. घरात दुसरा फोन नाही. म्हणून हे शाळेच्या पत्त्यावर टाकतो. तुह्या विमल मॅडमनं फोडून वाचलं त वाचू दे, गावात सगळ्यांनी ऐकलंच आहे.

मी बाबाशी भांडून निघालो, हे तुले माहीत आहे. आज्यानं कोठीचं गेट उघडलं, बाबानं उघडलं, आता मालक कोठी लग्नाले भाड्यानं देते, त गाड्या आल्या की मी उघडायचं आन् छातीवर हात ठेवून मान झुकवायची. ते माह्यानं होत नाही. एवढंच भांडण होतं. पिशवीत दोन शर्ट आन् एक टॉवेल घेऊन निघालो. इथं गुजरातेत टाईलच्या कारखान्यात भट्टीतून निघालेल्या फरशा उचलून राह्यलो. बोटाची सालं निघाली. चांदी चोरणाऱ्याचे असे हाल असतात का?

तू पाळण्यातून उतरली तवापासून कोठीत हेरगिरी करत फिरते. बेचाळीस खोल्या आन् कोणत्या खोलीचं दार कोणत्या जिन्यात निघते, मालकाच्या पोरांले माहीत नाही ते तुले माहीत. मंग या खेपेले डोळे काय गहाण ठेवले होते? रविवारपासून दसऱ्यापर्यंत काय काय झालं, एकापाठी एक लिही. खोटं लिहू नको. तू खोटं बोलते तवा जास्त बोलते.

गोविंदा


१३ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या सदतीस चुका आहेत. मी लाल पेनने मोजल्या. चोराकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती.

तू विचारतोस म्हणून नाही, पण मला सगळं नीट मांडायची सवय आहे म्हणून लिहिते.

रविवारी, २८ तारखेला, आईने दसऱ्यासाठी कपाटातली सगळी चांदी मागच्या अंगणात काढली. चिंच आणि राखेने घासली, धुतली, धोतरावर वाळत घातली. एकूण चौदा वस्तू होत्या. संध्याकाळी त्या परत दिवाणखान्यात कोणी नेल्या? तू नेल्यास. दोन फेऱ्यांत. आईने मोजल्या नाहीत, बाईसाहेबांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सोमवारी सकाळी तू नाहीस. गुरुवारी कपाट उघडलं तर तेरा वस्तू.

मंडपवाल्यांवर ढकलू नकोस, ते बुधवारी आले आणि कपाट रविवारपासून कुलपात होतं. दिवाणखान्याच्या सहाही खिडक्या मी स्वतः पाहिल्या. गजांवर जाळी तशीच होती, एकही तुटली नव्हती. वाघाच्या मुंडक्यामागे हात घातला, बंद घड्याळाच्या लाकडी पेटीत उतरून पाहिलं, आरशामागे पाहिलं. पाल निघाली. कोठीच्या आत पानदान नाही.

आता इथे काय चाललं आहे ते ऐक. आईला कोठीच्या स्वयंपाकघरात येऊ नको म्हणून सांगितलं. चोवीस वर्षं तिने त्या चुलीपुढे काढली. ती आता घरात बसून असते आणि कोणाशी बोलत नाही. मालक म्हणाले, सोळा नोव्हेंबरला कोठीत पहिलं लग्न आहे, तोपर्यंत पानदान आलं तर ठीक, नाहीतर पोलिसात तुझं नाव देतो, आणि गेटवरची खोली खाली करा. छकुली मला फुगडीला हात देत नाही. तिची आई म्हणते, चोराच्या घरची आहे.

एवढं सुंदर पानदान, आतल्या पाच वाट्यांना अजून केवड्याचा वास येतो, मधली वाटी किंचित सैल आहे, आणि ते तू कुठल्या भंगारवाल्याला दिलं असशील. मला तुझी लाज वाटते. परत पाठवून दे. पार्सलवर नाव लिहू नकोस.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागते आहे. पत्र पाठवायचंच असेल तर पूनमच्या घरी पाठव. तिला मी सांगितलं आहे की हा तपासाचा भाग आहे.

प्रेरणा


मोरबी, १९ ऑक्टोबर

हेरबाई,

सदतीस चुका काढल्या, बरं झालं. तुही एकच चूक झाली, ती मी काढतो.

केवड्याचा वास.

ते पानदान बारा महिने कुलपात राहते. दसऱ्याच्या दिवशी मालक स्वतः काढते, लोकं सोनं द्यायले आले की स्वतःच्या हातानं विडा देते. घासणारी माय सोडली त आपल्यातल्या कोणी त्याले आजवर हात लावला नाही. मी रविवारी सगळी चांदी दोन फेऱ्यांत परातीतून, वर धोतर झाकून नेली. माह्या परातीत पानदान होतं का नव्हतं, देवाशप्पथ मले माहीत नाही, कारण मी तवा बाबाच्या शिव्या ऐकत चाललो होतो. माय घासते त दहा वेळा पाण्यातून काढते, वर चिंच. तरी केवड्याचा वास आत राह्यला असेल, त तो झाकण उघडून, नाक खुपसून घेतल्याबिगर कळत नाही. आन् मधली वाटी सैल आहे, हे त हलवल्याबिगर कोणाच्या बापाले कळत नाही.

मंग ते तू कवा हलवलं?

इथं सगळे म्हणतात, गोंद्या ढ आहे. भट्टीवरचा मुकादम म्हणते, "मराठी, तेरे को दो बार बोलना पडता है." हाव, पण एकदा डोक्यात गेलं की निघत नाही. चार दिवस झाले, फरशा उचलून राह्यलो आन् तुही सैल वाटी डोक्यात वाजून राह्यली.

परवा लक्ष्मीपूजन. इथं आम्हाले सुट्टी नाही, भट्टी बंद होत नाही. गोकुळनं एक करंजी आणली, तिचे दोन तुकडे केले. तू तिकडं फराळ खात बस आन् खरं लिही.

गोविंदा


२७ ऑक्टोबर २०२५

दादा,

फराळ केलाच नाही. आईने तळण मांडलं नाही.

तुला एकदा तरी अक्कल चालवता आली, याचा मला राग आला आहे. ठीक आहे. लिहिते. पण हे पत्र वाचून झालं की भट्टीत टाक.

आमच्या भुलाबाईचं तुला माहीत आहे. महिनाभर आम्ही पोरी रोज संध्याकाळी एकीच्या घरी फेर धरतो, गाणी होतात आणि शेवटी तिने डब्यात लपवलेली खिरापत बाकीच्यांनी डबा वाजवून ओळखायची. शनिवारी पूनमने माझ्या स्टीलच्या डब्यातले फुटाणे हात लावायच्या आधी ओळखले. नुसत्या दुरून आलेल्या आवाजावरून. सगळ्या हसल्या. रविवारी पुन्हा माझीच पाळी होती, छकुलीला ताप होता म्हणून.

आई चांदी वाळत घालून गेटवर गेली तेव्हा मी पानदान उचललं. जाड चांदी, घट्ट झाकण. आत भिजवलेले शेंगदाणे ठेवले. भिजलेले शेंगदाणे वाजत नाहीत, पण ती सैल वाटी वाजते. एकदा खळ्ळ आणि मग मागून टक. वरून टॉवेल गुंडाळला होता, म्हणून कोणाला ते काय आहे ते दिसलं नाही. महामाया म्हणाली लिमलेटच्या गोळ्या. पूनम म्हणाली खारीक. एकीलाही आलं नाही. दादा, असा आवाज महिनाभरात कोणाच्या डब्याचा झाला नव्हता.

पोरींना सोडून परत आले तर कपाटाला कुलूप लागून गेलेलं. सकाळी बाईसाहेब किल्ली काढून पूजेला बसल्या की परत ठेवू, असं ठरवून मी ते आपल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं, माझ्या दप्तरामागे. सकाळी उठले. दप्तर होतं. पानदान नव्हतं. आणि तू नव्हतास.

आता तूच सांग मी काय समजायचं. मी बाहेर काढलं आणि तू उचलून नेलंस. आणि मी कोणाला सांगूही शकत नाही, कारण पहिला प्रश्न येईल, ते तुमच्या कोनाड्यात आलं कसं. महिना झाला, मला दोन्हींचं ओझं आहे, तुझ्या चोरीचं आणि माझ्या तोंड न उघडण्याचं. मी तुला चोर म्हणाले कारण मला पक्कं माहीत होतं. बाकीचे नुसता अंदाज करतात.

सोळा तारखेला वीस दिवस राहिले. मालकांनी गेटसाठी मेहकरचा एक माणूस पाहून ठेवला आहे.

प्रेरणा


मोरबी, १ नोव्हेंबर
(स्पीड पोस्टानं)

प्रेरणा,

तुह्या जागी मी असतो त मी पण मलेच चोर म्हणलो असतो. तरी तू नालायक आहे. पयल्या पत्रात हे लिहिलं असतं त तीन आठवडे वाचले असते.

आता भांडण बाजूले ठेव आन् डोकं लाव. मी नेलं नाही. कोनाड्याकडे मी पाह्यलंच नाही. अंधारात चप्पल हुडकली आन् निघालो. मंग त्या खोलीत उरले कोण? माय, बाबा आन् तू. मायले सापडलं असतं त तिनं तिथंच बोंब मारली असती आन् तुह्या पाठीवर उलथनं मोडलं असतं. मायले गुपित ठेवता येत नाही, तिच्या पोटात भाजीचं मीठसुद्धा राहत नाही.

बाबा माह्या मागून लगेच उठते. उठल्याबरोबर पयले काय करते? तंबाखूची डबी घेते. ती कुठं राहते?

त्याच कोनाड्यात, हेरबाई. बेचाळीस खोल्या धुंडाळल्या आन् घरातला कोनाडा सोडला.

बाबानं पानदान पाह्यलं असेल, आन् माही खाट रिकामी पाह्यली असेल. आदल्या दिवशी त्यानं माह्या कानाखाली काढली होती. तो काय समजला असेल, ते आता मी सांगायले पाह्यजे का?

ढोरांच्या चाऱ्याचं कुटार ठेवते त्या खोलीत जा. मागच्या कोपऱ्यात फुटका रांजण आहे, त्यात कुटार भरलेलं राहते. माह्या गोट्या, गलोल, पत्ते, बाबानं हिसकलं ते सगळं त्या रांजणात गेलं. त्याले लपवायले दुसरी जागा सुचत नाही. दुपारी जा, तो जेवून पडते तवा. कोपरापर्यंत हात घाल.

नाही निघालं त मले लिहू नको. मंग सगळे म्हणतात ते खरं समज.

गोविंदा


९ नोव्हेंबर २०२५

दादा,

निघालं. कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत हात घालावा लागला. आत तुझी गलोलपण आहे.

मी ते परकराच्या ओच्यात घेऊन बाहेर आले तर दारात बाबा उभे. मला वाटलं मारतील. ते कुटारावरच बसले.

म्हणाले, "कोनाड्यात दिसलं. वाटलं, गोंद्यानं उचलून आणलं आन् भ्यायला म्हणून टाकून गेला. परत ठेवायले गेलो त कपाटाले कुलूप."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त पोरगं जेलात गेलं असतं."

"आणि पारावर शिव्या कशाला दिल्या?"

"नसत्या देल्या त लोकं म्हणले असते, बापबी सामील आहे."

मग मी सांगितलं की ते मी आणलं होतं. का आणलं तेही सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, "भुलाबाईसाठी?" आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, "म्या महिनाभर पोराची चोरी झाकली. आन् पोरानं चोरीच नव्हती केली."

त्यांना ते गुपचूप मालकांच्या ओसरीवर ठेवून द्यायचं होतं. मी म्हटलं, मग दादा चोरच राहील, फक्त भ्यालेला चोर. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि कोठीच्या समोरच्या पायऱ्यांवरून गेले, मागच्या दाराने नाही. दिवाळीचे पाहुणे अजून होते. झुंबराखाली दहा-बारा माणसं चहा पीत होती. मी पानदान मालकांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं.

मालक म्हणाले, "भावाले वाचवायले चांगली गोष्ट रचली. त्यानंच पाठवलं ना परत?" पाहुणे हसले. बाईसाहेब म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे."

मला असा राग आला. खोटं बोलले असते तर विश्वास बसला असता.

मी म्हटलं, "मालक, याचा आवाज कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे का?" ते म्हणाले, पानदानाचा काय आवाज. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नाही, पण गावातल्या पाच पोरींना माहीत आहे. बोलवा त्यांना." पाहुण्यांत एक म्हातारे वकील होते, ते म्हणाले, "भगवंतराव, बोलवा हो, चहा संपेपर्यंत गंमत."

पूनम, महामाया, छकुली आणि त्या दोघी मळ्यातल्या आल्या. त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. वकिलांनी कोठीच्या स्वयंपाकघरातून पितळेचे, स्टीलचे, ॲल्युमिनियमचे सहा डबे मागवले, हाताला येईल ते त्यात टाकलं आणि मधेच कुठेतरी पानदान घेतलं. मी फक्त एवढंच विचारलं, "मी जिंकले होते, त्या रविवारचा डबा कोणता?"

पहिला वाजवला, कोणी बोललं नाही. दुसरा, तिसरा. चौथ्याला खळ्ळ झालं, आणि मागचं टक यायच्या आत महामाया ओरडली, "हाच." पाचही जणी एकदम वळल्या. पूनम म्हणाली, "हा त चीटिंगचा डबा आहे, हा मी मरेपर्यंत नाही विसरणार." छकुलीला तर त्या दिवशी ताप होता, पण मी तिच्याकडे जाऊन वाजवून दाखवला होता, चिडवायला.

वकील म्हणाले, "भगवंतराव, कुलपातल्या वस्तूचा आवाज या पोरींना ठाऊक आहे. आता बोला."

मालक हसले. पोरींना लाडू दिले. मला म्हणाले, "पुन्हा अशी हिंमत करशील त तंगडं तोडीन." खोली राहिली, पोलिसात नाव जाणार नाही. आणि म्हणाले, "गोंद्याले म्हणा, ये परत. सोळाच्या लग्नाले गेटवर तरणा माणूस पाह्यजे." आईला उद्यापासून स्वयंपाकाला ये म्हणून निरोप आला. महिनाभर का येऊ नको म्हटलं, याबद्दल कोणी काही बोललं नाही.

माफी मागत नाही. तू न सांगता गेलास. सांगून गेला असतास तर यातलं काही झालं नसतं.

प्रेरणा


मोरबी, १५ नोव्हेंबर

प्रेरणा,

पत्र भट्टीपाशी उभं राहून वाचलं. गोकुळले वाचून दाखवलं. तो म्हणे, "तुही बहीण वकील होते बे." मी म्हणलं, होऊ दे, पण माह्या बाजूनं नाही लढणार ती.

मालकाले सांग, गेटवर मी येत नाही. हसून बोलावलं म्हणून येत नाही आन् रडून बोलावलं असतं तरी आलो नसतो.

आन् बाबाले सांग. दिवाणखान्यात दहा पाहुण्यांपुढं माह्यं नाव सुटलं, बरं झालं. ते पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. गावाले काय ठाऊक? बाबा दिवाणखान्यात नव्हता बोलला. पारावर बोलला होता, शंभर माणसांत, बाजाराच्या दिवशी. "माह्या पोटचा नाही" म्हणला होता. ते शब्द त्यानंच त्याच पारावरून उचलायचे, बाजाराच्याच दिवशी. कुजबुजून नाही. तोवर मी त्याचा पोरगा नाही आन् तो माहा बाप नाही. त्यानं झाकायले केलं, हे मले समजलं. पण ज्या माणसानं मले एकदा विचारलं नाही, 'गोंद्या, तू नेलं का रे?', त्याच्या झाकण्याचं मी काय करू?

हे त्याले जसंच्या तसं वाचून दाखव. एक शब्द गाळला त मले कळते.

गोविंदा


२४ नोव्हेंबर २०२५

दादा,

जसंच्या तसं वाचलं. दोन दिवस बाबा जेवताना ताटाकडे पाहत राहिले. आईने विचारलं, मीठ कमी आहे का, तर म्हणाले, नाही.

शुक्रवारी बाजार होता. ते धुतलेलं धोतर नेसून निघाले. मी मागून गेले, भाजीच्या दुकानाआड उभी राहिले. बाबा पारावर चढले. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "माह्यं पोरगं चोर नाही."

गुलाबराव आजोबा पारावरच बसलेले होते. त्यांना ऐकू कमी येतं. ते म्हणाले, "काय म्हणतं उत्तमराव? सापडला का चोर?"

बाबा मोठ्याने म्हणाले, "गोविंदा चोर नाही. तो माह्या पोटचा आहे. म्या खोटं बोललो."

तोवर माणसं जमली होती. कांदेवाल्याने विचारलं, "मंग चोर कोण?"

दादा, मी तिथे होते. मला वाटलं आता माझं नाव येईल. कोठीत मी सांगितलं होतं, पण तिथे मी बोलत होते. इथे नुसतं ऐकायचं होतं. बाबांनी मला भाजीच्या दुकानाआड पाहिलं. नजर माझ्यावर थांबली. मग म्हणाले, "पानदान म्या दडवलं होतं. महिनाभर कुटारात ठेवलं आन् नाव पोराचं घेत राह्यलो. चोर म्हणायचंच असेल त मले म्हणा."

मग एक जण हसला आणि दुसरा त्याला म्हणाला, गप बस बे. गुलाबराव आजोबांनी विचारलं, "मंग पोरगा कवा येते?"

बाबा म्हणाले, "त्याचं तो पाह्यन. मी बोलावणारा कोण?" आणि खाली उतरले. उतरताना त्यांचा पाय अडखळला. मी हात दिला नाही. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

घरी येताना म्हणाले, "हे त्याले लिहू नको." म्हणून लिहिते आहे.

आता तू ठरव. पण ठरवताना एवढं लक्षात ठेव, की तुझ्यामुळे त्या दिवशी त्यांना बाजारातून मिरच्या न घेता परत यावं लागलं.

प्रेरणा


मोरबी, ३० नोव्हेंबर

प्रेरणा,

मुकादमाले आठ दिवसांची सुट्टी मागितली. म्हणे, कोणी मेलं का? मी म्हणलं, नाही, बाप जिता आहे. म्हणे, मंग कायले चालला? त्याले काय सांगणार.

येत्या रविवारी मलकापूरले उतरतो, दुपारपर्यंत गावात पोहोचतो. राहायले येत नाही, हे आधीच सांगून ठेव. पंधरा तारखेच्या सोमवारी परत भट्टीवर हजर व्हायचं आहे. बाबाशी भांडायले येऊन राह्यलो. दोन महिन्यांचं भांडण साचलं आहे, ते पत्रात मावत नाही, आन् तो फोन कापते. समोर बसवून भांडणार. कोणी मधात पडू नका, मायनं पण नाही.

बाबाले सांगू नको मी येतो म्हणून.

नाही, सांग. मागच्या खेपेले न सांगता गेलो होतो.

गोविंदा